गळ्यात स्कार्फ, हातात पोतं

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख द्या, अशी नोटीस हॉस्टेलच्या बोर्डावर लागली आणि माझ्या रूममेटनं मला न विचारता माझं नाव देऊन टाकलं. कारण काय, तर "तू मारेगावची, तुझं मराठी पक्कं असणार!" आता हिला कोण सांगणार, की माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर्गात मराठी बोललं की दंड भरायचा, त्यांच्यातली मी. घरी वऱ्हाडी, शाळेत इंग्रजी आणि परीक्षेपुरती 'अक्षरभारती', या तिन्हींची खिचडी म्हणजे माझं मराठी. पण विषय मी असा निवडलाय, की तो मला इंग्रजीत सांगताच येणार नाही. कारण त्यातलं ऐकण्यासारखं जे काही आहे, ते मी वऱ्हाडीतच ऐकलंय.

विषय आहे स्काऊट-गाईड. हसू नका! गळ्यात स्कार्फ, हातात लाठी, पंधरा ऑगस्टला परेड आणि रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाईंना मदत, एवढीच बहुतेकांची या प्रकाराशी ओळख असते. माझीही आठवीपर्यंत तेवढीच होती.

त्याआधी मारेगावबद्दल. "हे नेमकं कुठे आलं?" हा प्रश्न मला फर्स्ट इयरला निदान पन्नास जणांनी विचारला असेल. तर मित्रहो, यवतमाळ जिल्ह्यात करंजीहून वणीकडे निघालात की मध्ये मारेगाव लागतं. तालुक्याचं ठिकाण आहे, पण एसटी थांबल्यावर चहा प्यायला उतरलात तर चहा संपायच्या आत गाव पाहून होईल! काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. तालुक्याच्या एका अंगाला वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा. आत जंगलाच्या कडेला कोलाम लोकांच्या वस्त्या. आमच्याकडे त्यांना पोड म्हणतात. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती सरकारनं विशेष असुरक्षित आदिवासी गटात धरल्या आहेत, त्यात कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर कोलाम येतात. त्यांची कोलामी भाषा मराठीच्या कुळातली नाही, ती द्रविड कुळातली. मी मारेगावात वाढले, पण पोड पहिल्यांदा पाहिलं ते चौदाव्या वर्षी. तेही गळ्यात स्कार्फ बांधून.

आठवीत मी गाईडमध्ये नाव घातलं त्यामागे काही थोर विचार वगैरे नव्हता. राज्य पुरस्कार मिळाला की दहावीला जास्तीचे मार्क मिळतात, असं एका सीनिअर ताईनं सांगितलं होतं. शिवाय शनिवारी शेवटचे दोन तास गणिताऐवजी मैदानावर जायला मिळायचं. माझ्यासारखीला एवढं पुरेसं होतं.

मग आला इतिहास पाठ करायचा प्रसंग. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी वीस मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. १९०८ साली 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक आलं. १९०९ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटचा मोठा मेळावा भरला, तिथे काही मुली कुणी बोलावलं नसताना हजर झाल्या आणि 'आम्हीही स्काऊट आहोत' म्हणाल्या. त्यातून १९१० साली मुलींची गाईड चळवळ सुरू झाली. हा भाग आम्हा मुलींना भारी आवडायचा.

भारतात १९०९ साली बंगलोरला स्काऊटचं आणि १९११ साली जबलपूरला गाईडचं पहिलं पथक निघालं, पण ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलामुलींसाठी. आपल्या मुलांना त्यात जागा नव्हती. तेव्हा ॲनी बेझंट यांनी मद्रासला आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला वेगळ्या संघटना काढल्या. आपल्या मध्य प्रांतात हे काम वाढवणाऱ्यांत नागपूरचे व्हिव्हियन बोस होते. हे बोस पुढे नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश झाले, १९५१ साली सुप्रीम कोर्टात गेले, आणि भारत स्काऊट्स अँड गाईड्सचे प्रमुख राष्ट्रीय आयुक्तही होते. सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश गळ्यात स्कार्फ बांधून मुलांबरोबर शेकोटीपाशी बसलाय, हे चित्र मला अजून गमतीचं वाटतं. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या संघटना एक झाल्या आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईडही त्यात आल्या. इतिहास संपला. (व्हायवाला एवढा पुरतो.)

स्काऊट-गाईडचं ब्रीद आहे 'तयार'. सोळा वर्षांनंतर तुम्ही रोव्हर किंवा रेंजर होता, तेव्हा ते होतं 'सेवा'. आधी तयार व्हा, मग सेवा करा, असा सरळ हिशेब. मला पुढे जे कळलं ते या हिशेबात थोडं वेगळं बसतं.

मैदानावर आम्ही काय शिकलो? गाठी. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीपशँक, बोलाइन. स्कार्फची त्रिकोणी पट्टी करून मोडलेला हात गळ्यात बांधायचा. लाठ्या आणि सुतळीपासून चपलांचं रॅक करायचं. दगड मांडून वाटेच्या खुणा करायच्या. आणि रोज एक सत्कृत्य! सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि सत्कृत्य झाल्यावर ती सोडायची. या गाठीचा आमच्या वर्गात इतका धसका होता, की संध्याकाळी पाच वाजले की पोरी दिसेल त्याचं दप्तर उचलायला धावायच्या. एकदा तर तिघींनी मिळून एका काकूंची भाजीची पिशवी ओढली. काकू बिचाऱ्या ओरडतायत, "अवं, मी इथंच राहते!" तेव्हा खूप हसलो. पुढे मात्र त्या काकू मला पुष्कळदा आठवल्या. मदत आम्हाला करायची होती. त्यांना हवी होती का, ते कुणी विचारलंच नव्हतं.

नववीत असताना, नोव्हेंबर २०१९ मध्ये आमचा चार दिवसांचा कॅम्प लागला. आमच्या तालुक्यातल्याच एका पोडाजवळ, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानावर. आठ-आठ जणांची चार पथकं, म्हणजे आम्ही बत्तीस जण, एक सर आणि एक मिस. कार्यक्रमपत्रिकेत तंबू उभारणे, स्वयंपाक, नाईट हाइक, शेकोटी आणि शेवटी 'समाजसेवा' असं लिहिलं होतं. सगळ्यांचा डोळा अर्थातच नाईट हाइकवर!

पहिल्याच दुपारी वनरक्षक आले आणि सांगून गेले, "अंधार पडायच्या आत सगळी मुलं शाळेच्या आवारात पाहिजेत." कारण तुम्हाला आठवत असेल. आदल्या वर्षी, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री, आमच्या शेजारच्या राळेगाव तालुक्यात अवनी म्हणजे टी-१ वाघीण गोळी घालून मारली गेली होती. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगितले जात. ती गेली तरी जंगल तिथेच होतं आणि वाघही होते. नाईट हाइक रद्द झाली. आमची तोंडं एवढीएवढी झाली.

पोडावरची आमच्याच वयाची एक मुलगी तिथे उभी होती. आश्रमशाळेत शिकायची, सुट्टीत घरी आली होती. ती म्हणाली, "रातच्याले कायले जाता? माया बाप जाते जागलीले, त्याले तं झोप नाई भेटत." जागल म्हणजे रात्री शेतात पहारा. रानडुकरं आणि रोही उभं पीक खाऊन जातात, म्हणून माणसं हातात काठी-बॅटरी घेऊन मचाणावर रात्र काढतात. वाघाच्या त्याच जंगलाला लागून! आमच्या कार्यक्रमपत्रिकेत ज्याला साहस म्हटलं होतं ते तिच्या बापाच्या रोजच्या कामात होतं, आणि त्याला त्याचा कुठला बॅज मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी समाजसेवा. वनराई बंधारा बांधायचा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोहन धारियांनी १९८६ साली पुण्यात वनराई संस्था काढली, तिच्या नावानं हा बंधारा ओळखला जातो. सिमेंटची रिकामी पोती घ्यायची, त्यात नाल्यातलीच रेती-माती भरायची, दाभणानं तोंडं शिवायची आणि ती पोती नाल्यात आडवी रचायची. पावसाळा संपल्यावर नाल्यातून जे थोडं पाणी वाहून जातं, ते अडवायचं. खर्च जवळजवळ शून्य. लागतात फक्त पोती, सुतळी आणि हात. पोती आम्ही दोन आठवडे आधीपासून मारेगाव-वणीत बांधकामं चालू होती तिथून मागून आणली होती. दोनशेच्या वर जमली. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता, त्यामुळे नाल्याला धारही चांगली होती.

बंधारा कुठे बांधायचा? सरांकडे माहितीपुस्तिका होती. तिच्यात लिहिलं होतं, नाला अरुंद असेल आणि काठ उंच असतील अशी जागा निवडा. तशी जागा समोरच होती. पण सरांनी पुस्तिका खिशात घातली आणि पोडाच्या नाईकांना बोलावून आणलं. नाईक म्हणजे पोडाचे प्रमुख. वय सत्तरच्या पुढे, अंगानं काटक. ते नाल्यानं खाली चालत गेले, आम्ही मागे. बरंच पुढे गेल्यावर ते थांबले आणि रेतीत काठी रोवली. "इथं."

तिथे तर नाला चांगलाच रुंद! आमच्यातल्या एकानं विचारलंच, "आजोबा, वर कमी पोती लागली असती ना?"

"तिथं खालून रेती हाय, बाप्पा. पानी खालूनच पळून जाईन. इथं हातभर खाली खडक हाय."

आज मी सिव्हिलच्या थर्ड इयरला आहे. पायाखालून होणारी गळती, तिच्याबरोबर वाहून जाणारे मातीचे कण आणि त्यामुळे खचणारा बांध, हे सगळं मी जिओटेकच्या पेपरात आकृत्यांसह लिहून आले. पण हा धडा मी पहिल्यांदा ऐकला तो त्या नाल्यात, दोन वाक्यांत. आणि नाईकांनी त्यासाठी एकही बोअर घेतलं नव्हतं!

मग काम सुरू झालं. मुलं फावड्यानं पोती भरायची, आम्ही दाभणानं शिवायचो, पोडावरची माणसं आणि सर पाण्यात उभे राहून रचायचे. विटांच्या भिंतीसारखी सांधमोड करायची, म्हणजे वरच्या पोत्याचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. मधल्या फटींत चिखल ठासायचा. घमेली हातोहात द्यायला साखळी केली, तिच्यात पोडावरच्या बायाही उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत माझ्या बोटांना दाभणानं चार ठिकाणी भोकं पाडली. संध्याकाळी पाणी मागे चढायला लागलं. स्काऊटच्या लाठीवर फुटांच्या खुणा असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लाठी पाण्यात उभी केली तर अडीच फूट! काल जिथे घोटा बुडत नव्हता तिथे गुरं पोटापर्यंत पाण्यात उभी होती. तो आनंद मी सांगू शकत नाही. पुढे सेमिस्टरला कितीही पॉइंटर आला तरी तसं वाटलं नाही.

त्याच दिवशी आम्ही पोडावरच्या लोकांसमोर प्रथमोपचाराची प्रात्यक्षिकं केली. दोन लाठ्या, दोन पोती आणि त्यांचं स्ट्रेचर. एक मुलगा पाय मोडल्याचं सोंग घेऊन झोपला, आम्ही सहा जणींनी शिस्तीत, शिट्टीवर, त्याला उचललं. टाळ्यांची वाट पाहत होतो. तेवढ्यात एक आजी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"मायबाई, एका पोट्ट्याले उचलाले एवढ्या जनी? आमी तं बाजेवर नेतो."

मिसनं त्यांना पुढे बोलावलं. आजींनी एक बाज मागवली, तिच्या चारही पायांना दोर कसे बांधायचे, वरून बांबू कसा ओवायचा, चार जणांनी खांदा कसा द्यायचा आणि न थांबता खांदे कसे बदलायचे, ते करून दाखवलं. पावसाळ्यात नाला भरला की पोडापर्यंत गाडी येत नाही. मग अडलेल्या बाईला असंच पक्क्या रस्त्यापर्यंत न्यायचं. त्यांनी स्वतः कितीतरी जणींना तसं पोचवलं होतं. "उताराले पाय पुढं, चढाले डोस्कं पुढं. नाई तं रगत डोस्क्यात जाते." आमच्या गाईडच्या पुस्तकात अगदी हेच लिहिलंय! फक्त पुस्तकात ते एका चौकटीत होतं आणि आजींकडे त्यामागे नावं होती. कोणती सून, कोणती लेक, कोणत्या पावसाळ्यात. सगळ्याच पोचल्या होत्या असं नाही. तेही त्यांनी सांगितलं, तितक्याच साध्या आवाजात. आम्ही मुली नंतर बराच वेळ गप्प होतो.

मग आम्ही तिथे गेलो ते कशासाठी? त्यांना सगळंच येत होतं तर आमचा उपयोग काय? हा प्रश्न त्या रात्री शेकोटीपाशी एका मुलानं विचारला. सर म्हणाले, "उद्या बघ."

उद्या म्हणजे पथनाट्य. विषय दोन, साप चावणे आणि फवारणी. आमच्याकडे दोन्ही गोष्टी जिवाशी येतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, उघड्या अंगानं फवारू नका, फवारणीचे कपडे वेगळे ठेवा, तंबाखू खायच्या आधी हात धुवा, हे सगळं आम्ही नाटकात घातलं. आणि सापाचं असं, की चावलेल्या जागेच्या वर करकचून दोरी बांधायची, ब्लेडनं कापायचं, तोंडानं विष ओढायचं, हे पूर्वी लोक करायचे. आता डॉक्टर यातलं काहीच करू नका म्हणतात. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला हात-पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर ठेवा आणि ताबडतोब दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते. मांत्रिकाकडे गेलेला एक तास परत येत नाही.

आमचं नाटक मराठीत. समोरच्या म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की अर्धंच पोचतंय. तेव्हा ती जागलीवाल्याची मुलगी उठून पुढे आली आणि आमचं एकेक वाक्य कोलामीतून सांगायला लागली. एकदम प्रश्न सुरू झाले! दोरी खरंच बांधायची नाही? मग विष वर नाही चढणार? बाजेवर नेलं तर चालेल? (चालेल, उलट उत्तम! पेशंट हलत नाही.) आजींची बाज आणि आमची नवी माहिती, दोन्ही त्या एका उत्तरात एकत्र आल्या. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर मिळालं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीची सगळ्यात मोठी सेवा त्या मुलीनं केली, जिच्या गळ्यात स्कार्फच नव्हता. मिसनं कॅम्पच्या शेवटी स्वतःचा स्कार्फ काढून तिला बांधला.

मग आलं २०२०. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, पुरस्काराच्या परीक्षा लांबल्या, आणि आमची गाईडगिरी घरी जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवण्यापुरती उरली. वनराई बंधारा एका वर्षाचाच असतो. पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या पुरात पोती वाहून जातात, ती दरवर्षी नव्यानं रचावी लागतात. त्या वर्षी कुणीच गेलं नाही. मला वाटायचं, आपलं काम वाहून गेलं.

डिसेंबर २०२१ मध्ये, अकरावीत असताना, मी बाबांच्या मोटरसायकलवर मागे बसून पोडावर गेले. नाल्यावर बंधारा होता! त्याच जागेवर, खडकावर, आमच्यापेक्षा उंच, आणि एका बाजूनं दगड लावून जास्तीचं पाणी जायला वाट काढलेली. आम्हाला ती सुचली नव्हती. मी नाईकांना विचारलं, कुणी बांधून दिला? ते म्हणाले, "कोन बांधून देईन? आमीच बांधला. बांधनं तं आमाले पयलेपासून येते, बाई. पोते नव्हते."

पोडावर काही घरकुलं मंजूर झाली होती. त्यांच्या सिमेंटची रिकामी पोती त्यांनी एकही न फेकता जपून ठेवली होती.

पोते नव्हते! मी परत येताना वाटभर हेच दोन शब्द घोळवत होते. शहाणपण होतं, मेहनत होती, जागेची पारख होती. नव्हती ती शंभर-दोनशे रिकामी पोती, जी आमच्या गावात बांधकामावर कचऱ्यात पडलेली असायची.

याची दुसरी परीक्षा लवकरच झाली. जुलै २०२२ मध्ये विदर्भात पाऊस थांबेना. वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि वर्धा नदी गावांत शिरली. वणी-वरोरा रस्त्यावरचा पाटाळ्याचा पूल पाण्याखाली गेला, वाहतूक बंद झाली. आमच्या तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांतली माणसं उंचावरच्या शाळांत येऊन राहिली. जूनमध्ये पेरलेली कपाशी गाळाखाली गेली.

मी तेव्हा बारावीत. तालुक्यातले जुने स्काऊट-गाईड एकत्र जमलो, पाणी उतरल्यावर एका गावात गेलो. आम्ही पोचलो तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा डोंगर होता. शहरांतून चांगल्या मनानं पाठवलेला. त्यात थ्री-पीस सूट होता, लहान मुलांचे फ्रिलचे फ्रॉक होते, आणि सगळं भिजून वास मारत होतं. बायका त्याच्याकडे बघतही नव्हत्या.

आमचा लीडर एक दादा होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो म्हणाला, "आज कुणी काही वाटायचं नाही. वही काढा, घरोघर जा आणि फक्त विचारा." विचारलं. उत्तरं काय आली ते ऐका. कोरडी काडेपेटी. चुलीसाठी कोरडं सरपण. गुरांना कडबा. छतावर टाकायला ताडपत्री. मोबाईल चार्जिंग. आणि जवळजवळ प्रत्येक घरातून, कागद! आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा. सगळं भिजून लगदा व्हायच्या बेतात. पंचनामा झाला की अर्जाला हे कागद जोडावे लागणार होते.

पुढचे तीन दिवस आमच्या मुलींच्या गटानं दुसरं काही केलं नाही. कागद अलगद सुटे करायचे, दोन वर्तमानपत्रांत ठेवायचे, वर फळी, पंख्याखाली वाळवायचे, मग मारेगावला नेऊन प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढायच्या आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्याचे त्याला द्यायचे. मुलांनी ताडपत्र्या बांधल्या, त्यात क्लोव्ह हिच कामी आली. (गाठी शिकून नोकरी लागते का, असं विचारणाऱ्या माझ्या मावशीसाठी हे वाक्य.) एका आजोबांनी वाळलेलं पासबुक हातात घेतलं, पानं मोजली आणि शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं. थँक्यू वगैरे काही म्हणाले नाहीत. आम्हाला ताक दिलं.

तर मित्रहो, 'तयार' आणि 'सेवा' या दोन शब्दांचा माझा हिशेब हा असा आहे. आम्ही समजत होतो, तयार आम्ही आहोत आणि सेवा त्यांची करायची आहे. खरं तर जागलीवर जाणारा माणूस, बाजेवर बाळंतीण पोचवणारी आजी, खडक कुठे आहे ते जाणणारे नाईक हे आमच्यापेक्षा कितीतरी तयार होते. त्यांच्याकडे काय नाही, हे मात्र त्यांनाच विचारावं लागतं. उत्तर बहुतेक वेळा फार मोठं नसतं. कधी पोती, कधी झेरॉक्स, कधी आपली गोष्ट त्यांच्या भाषेत सांगणारी एक मुलगी. ते आपल्याला क्षुल्लक वाटतं, म्हणून आपण ते देत नाही आणि थ्री-पीस सूट पाठवतो. स्काऊटिंगनं मला जंगलात तंबू ठोकायला शिकवलं, हे खरं. पण त्या निमित्तानं त्यानं मला माझ्याच तालुक्यात नेलं, जिथे मी चौदा वर्षं राहूनही गेले नव्हते. त्याचं मोल मला जास्त वाटतं.

आता मुद्द्याचं. आपल्या कॅम्पसवर नव्या वर्कशॉपचं बांधकाम चालू आहे, हे मेसला जाता-येता तुम्ही रोज पाहता. तिथल्या कोपऱ्यात सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा ढीग पडलाय. मी मोजला नाही, पण एका बंधाऱ्याला पुरून उरेल. आपल्याकडे एनएसएस आहे, सिव्हिलचा स्टाफ आहे, दर रविवारी दुपारी बारापर्यंत झोपणारी दीडशे तरुण माणसं दोन्ही हॉस्टेलांत आहेत. पाऊस संपला, की जवळच्या एखाद्या गावात आधी चार जण जाऊन येऊ. पुस्तिका खिशात ठेवू आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारू, बंधारा हवाय का, आणि हवा तर कुठे. ते नको म्हणाले तर काय हवंय ते विचारू.

सिव्हिलच्या सरांना विनंती, की पोती फेकू देऊ नका. आणि मुलांनो, शिवायची काळजी करू नका. दाभण माझ्याकडे आहे, रूम नंबर हॉस्टेलच्या बोर्डावर लिहून ठेवते.